खाडा

रविवारी जुन्या बाजारात
टेपरेकॉर्डरांच्या आणि एकेकट्या चपलांच्या मधे
ती टीव्हीची ट्रॉली उभी होती
एक चाक मुडपून.
नऊशे, म्हणाला. मी चारशे म्हणालो.
तो माझ्याकडे न बघता पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.
साडेपाचशेला ठरलं. वर म्हणाला,
आतून साग आहे साहेब.

धायरीपर्यंत रिक्षा तीनशे वीस.
मागच्या सीटवर ट्रॉली आडवी
आणि मी तिच्या पायांत.

मुक्ताला ओटा हवा होता.
स्वतःचा. बेंबीच्या उंचीचा.
आमच्या ओट्याशी ती स्टुलावर उभी राहते
आणि दर वेळी कुणीतरी तिला खाली उतरवतं.

सनमायका खरवडला, खाली दुसरा सनमायका निघाला.
साग काही निघाला नाही.
तांब्यांकडून करवत आणून सिंकसाठी भोक पाडलं.
पातेल्याचा काठ धरून पेन्सिल नीट फिरवली होती,
तरी पातेलं आत पडलं, टणकन.
मग शलाकाच्या माहेरचं मोठं काढलं,
बुडाशी तिचं लग्नाआधीचं नाव टिंबाटिंबांनी कोरलेलं.

नळ बोहरी आळीतला, पितळी.
याला पाणी येणार नाहीये, मी सांगितलं,
तरी दुकानदारानं विचारलंच,
अर्धा इंच का पाऊण?

शेगड्या म्हणून कुकरच्या दोन जुन्या रिंगा.
बटणं एका मेलेल्या मिक्सरची,
शून्य, एक, दोन, तीन.

दार पालथं केलं रंगवायला
तर आत कागद चिकटवलेला.
दूध. फेब्रुवारी ९१.
एक तारखेपासून अकरापर्यंत, रोज एक लिटर.
बारा, खाडा.
तेरा, खाडा. चौदा, पंधरा, खाडा.
सोळापासून अर्धा लिटर.
अक्षर तेच, पेन दुसरं.

ब्लेड हातात होतं, ते खाली ठेवलं.
लग्न असेल घरात.
चार दिवस सगळे गावाला गेले असतील,
मुलगी सासरी राहिली,
बाकीचे परतले, आता अर्धा लिटर पुरतं.
लग्नच असणार.
मी लग्नच धरून
कागदाच्या कडेकडेनं पिस्ता रंग मारला.

हे काय लिहिलंय, मुक्तानं विचारलं.
मेनू आहे.
वाच.
एक लिटर, एक लिटर, खाडा...
खाडा गोड असतो का तिखट?
करून बघ, म्हणालो.
याहून बरं उत्तर
मला अजून सुचलेलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे खाडा होतो.
सोमवारी भिजत घालते,
शेंगांची टरफलं, एक बटण, चिमूटभर रांगोळी.
मंगळवारी ढवळते.
बुधवारी चव बघायला लावते, मी मीठ कमी आहे म्हणतो.
घाई असली की गॅस तीनवर.

शलाकाची बदली जालन्याला. शुक्रवारी रात्री बस पकडते.
गुरुवारी फोनवर मुक्तानं तिला पातेलं दाखवलं,
आई, बघ, खाडा केलाय.
ती हसली. खूप हसली.
मग म्हणाली, किती दिवसांचा?
मुक्तानं बोटं मोजली. चार.
त्यानंतर चित्र जरा अडकलं,
नेटवर्कमुळे असेल.

शुक्रवारी तीन ताटल्या वाढल्या.
आम्ही आमचा खाडा संपवला,
टरफलं मी खिशात घातली.
तिसऱ्या ताटलीवर डब्याचं झाकण ठेवून मुक्ता म्हणाली,
कुणी हात लावायचा नाही.

शनिवारी पहाटे साडेपाचला कडी वाजली.
शलाकानं पिशवी दारातच ठेवली,
चप्पल पायात तशीच,
ओट्यापाशी उकिडवी बसून झाकण उचललं,
आत बघितलं.
गार झालाय, म्हणाली,
आणि ताटली रिंगेवर सरकवून
बटण एकवर फिरवलं.