मेलेली फळी

बोट पुढे गेलीच नाही.
सामुद्रधुनीत वारा पिसाळला होता,
कप्तान म्हणाला, खाडीत नांगर टाकू, भरती उलटेपर्यंत.
म्हणून विभागाचा सन्मानसोहळा यंदा
फेरीबोटीच्या कँटीनमध्ये झाला,
सूपची पातेली एका अंगाला सारून.

मी स्कोअरबुक लिहितो. एकतीस वर्षं झाली.
पेन्सिलीने लिहितो, कारण पंचांची मतं
आमच्या हवेसारखी असतात.

अलास्काच्या या टोकाला बेटं आहेत, रस्ते नाहीत.
सामना खेळायचा तर नऊ तास पाणी कापायचं,
दुसऱ्यांच्या शाळेत वर्गातल्या फरशीवर झोपायचं,
उशाशी फळा, फळ्यावर कुणाचं तरी अर्धं राहिलेलं गणित.
आणि हरलात तरी परतीची बोट तीच,
जिंकलेल्यांच्या शेजारी बसून
त्यांच्याच पुड्यातले वेफर्स खात.

पहिलं नाव लॉरेल जॅकचं.
सरासरी एकोणीस गुण,
हिसकावलेले चेंडू एकशे चार.
आकडे माझ्याच अक्षरातले,
पण माइकवरून आले तेव्हा परके वाटले.
लॉरेल उठली, मामाचे रबरी बूट घालून,
ढाल काखेत मारली, सॅल्मन धरतात तशी,
आणि मैदानावर जी कुणाला सापडत नाही
ती पोरगी चार शब्द शोधत
छताकडे बघत राहिली.

मग प्रशिक्षक. व्हर्ना किटका.
दिवसा कारखान्यात माशांचे डबे मोजते,
पहाटे पाचला शाळेच्या जिमचं कुलूप काढते.
तिथेच आमच्या माणसांची
चाळिसाव्या दिवसाची जेवणं होतात,
तिथेच लग्नं, तिथेच लसीकरण,
खुर्च्या उचलल्या की पुन्हा बास्केटबॉल.

व्हर्नाने ढाल टेबलावर पालथी ठेवली.
म्हणाली, "एक कबुली द्यायची आहे.
आमच्या जिममध्ये, डाव्या बास्केटखाली,
भिंतीपासून सातवी फळी मेलेली आहे.
पाइप फुटला त्या वर्षी खालचा वासा कुजला.
चेंडू तिथे पडतो तो उठत नाही,
रुसून बसतो.
माझ्या पोरी तुमच्या पोरींना
बोटबोटभर ढकलत तिथेच नेतात.
हे मीच शिकवलं त्यांना.
मग ही ढाल नक्की कुणाची, माझी की फळीची?"

कँटीनमध्ये कुणी चमचा हलवला नाही.
मी वहीवर हात ठेवला.
माझ्या समासात बारीक टिंबं आहेत,
सव्वीस हंगामांची. एकेका सातव्या फळीची.
कुणी कधी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

पलीकडच्या बाकावरून ऑगस्ट निल्सन उठला.
समोरच्या बेटाचा, कोळ्याचा पोर,
आता सत्तरीचा, गुडघा कुरकुरणारा,
आमच्याकडून जितका हरला तितकं
सख्ख्या भावाकडूनही कुणी हरत नाही.

"व्हर्ना," तो म्हणाला, "ती फळी
आम्हाला अकरा वर्षांपासून ठाऊक आहे.
बोटीतून उतरायच्या आधीच मी पोरींना बजावतो,
सातवी टाळा.
आणि त्या टाळतात गं.
ही तुझी लॉरेल
सहावीवरून चेंडू नेते."

आधी त्याच्याच मुली हसल्या. मग आम्ही.
मग लॉरेल, दोन्ही हातांनी तोंड झाकून.
व्हर्नाने ढाल सरळ केली,
"गुनालचीश," एवढंच म्हणाली,
आमच्या त्लिंगिटमध्ये हेच आभार,
आणि सूप घ्यायला रांगेत उभी राहिली,
ऑगस्टच्या मागे.

रात्री उशिरा नांगराची साखळी खडखडली.
मी खोडरबर काढलं,
टिंबांवर धरलं,
परत खिशात टाकलं.

खाली गाड्यांच्या डेकवर, दोन ट्रकांच्या मधे,
कुणीतरी चेंडू आपटत होतं.
लोखंडावर कुठेही पडो, चेंडू उसळत होता.
कोणत्या बेटाची पोर, अंधारात कळेना.
मी टप्पे मोजत राहिलो.
सवय.