बहात्तर मिनिटं

हर्मानसला देवमासे आलेत, पार खडकांपर्यंत.
मी त्यांच्याकडे पाठ करून बसलेय.
समोर एक खोका आहे, अजून न उडालेला.
विषुववृत्तावर टांगून ठेवल्यावर
पंधरा वर्षांत त्याला किती ऊन लागेल
ते शुक्रवारपर्यंत सांगायचंय.

ऊन म्हणजे नुसता उजेड नव्हे.
सूर्याला उचकी लागली की प्रोटॉन सुटतात,
तीन मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम ओलांडून
थेट हाडापर्यंत.
केस उन्हानं पांढरे होत नाहीत म्हणे;
याचा पांढरा रंग मात्र उन्हानंच पिवळा पडेल.
किती पिवळा, तेही विचारलंय त्यांनी.

माझा बाप, आत्ती, वेल्डड्रिफला मासे वाळवायचा.
दोरीवरच्या माशाचं पोट अंगठ्यानं दाबून सांगायचा,
"दोन दिवस. वारा फिरला तर तीन."
संपला हिशोब.
मी चौदा तक्ते जोडते, मागची चार सौरचक्रं जोडते,
आणि शेवटी सगळ्याला दोननं गुणते.
भीतीला आमच्याकडे गुणक म्हणतात.

वर्षभर त्याला रात्र नाही.
फक्त मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये
काही आठवडे पृथ्वी मध्ये येते,
रोज थोडी, मग आणखी थोडी,
जास्तीत जास्त बहात्तर मिनिटं.

माझं आडनाव सप्टेंबर.
जहाज त्या महिन्यात लागलं असणार.
कारकुनानं नाव विचारलं नाही,
भिंतीकडे पाहिलं आणि महिना लिहिला.
उतरलेला माणूस मलबारचा, बंगालचा की जावाचा,
वहीत नाही.
द्राक्षांच्या मळ्यात त्यानं किती वर्षं ऊन खाल्लं,
तो रकाना तर कुणी आखलाच नाही.

सिंदिस्वा म्हणते, सावली सोडून दे.
सलग ऊन धर, जास्त मोजलेलं बरं,
आणि प्रोटॉनांना सावली कुठे कळते?
बरोबर आहे तिचं.
अहवालात मी तसंच लिहिते.

पण सगळे गेल्यावर
वेगळ्या पानावर मांडत बसते सप्टेंबर:
पहिल्या रात्री काही मिनिटं,
मग वीस, मग चाळीस,
अंधार आत येतो, पत्रा आक्रसतो,
बॅटरी एकटी जागी.
उत्तरात फरक पडतो शेकडा एक,
तोही पडला तर.

खाली देवमासा श्वास सोडतो.
काच बंद असूनही ऐकू येतं.