बारा पानं, अकरा गाड्या

मंडळ आर्वीचं, सभासद अकरा.
चार जीप, चार फियाट, एक काँटेसा, एक स्टँडर्ड,
आणि एक मॅटाडोर,
जिला गाडी म्हणायचं की नाही
यावर दोन बैठका झाल्या.

मी फोटोवाला. लग्नं, बारशी, पासपोर्ट,
आणि गेलेल्या माणसांचे मोठे करून दिलेले चेहरे.
गाडीला ‘हनुवटी जरा खाली’ म्हणता येत नाही
हे पहिल्याच सकाळी कळलं.
धुक्यात, वर्धेच्या पुलावर,
हिवसे सरांची फियाट चार पोरांनी लोटत आणली.
जानेवारी असा ढकलूनच सुरू झाला.

सगळं वर्ष नोव्हेंबरातच उरकायचं होतं.
मार्चला पळस हवा, तर पळस कुठला?
भोयर गुरुजींच्या मुलीनं
पतंगाच्या कागदाची फुलं फांद्यांना बांधली.
मे महिन्याला लांजेवार
डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून जीपला टेकले,
आणि मी झाडांच्या फवाऱ्यानं त्यांच्या कपाळावर घाम काढला.
थंडीनं ते कुडकुडले, तेवढा फोटो हलला.
जिनिंगमध्ये काँटेसाच्या टपावर एवढी सरकी-रुई बसली
की पुसू नका म्हटलं, राहू द्या.
पोळ्याच्या पानासाठी झूल घालून उसना बैल आणला.
तो मॅटाडोरजवळ उभा राहीना.
शेवटी राहिला, आणि सगळं पॉलिश चाटून गेला.

ऑक्टोबर सगळ्यांनाच पाहिजे, दसरा म्हणून.
चिठ्ठ्या टाकल्या. दोघांचं बोलणं बंद झालं.
सप्टेंबर मात्र कोणी घेईना.
पितृपक्षात कोणी नवा टायरसुद्धा घेत नाही,
तर भिंतीवर महिनाभर गाडी कोण टांगणार?

तेव्हा युनूस मिस्त्रीला ताकसांडेंची अ‍ॅम्बेसेडर आठवली.
ताकसांडे जाऊन सहा वर्षं झालेली,
गाडी गोठ्यात, ताडपत्रीखाली.
मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या,
आणि त्यांना उठवायला कौसाबाईंची परवानगी नव्हती.

मी चाचरत महिना सांगितला.
त्या कडबा टाकता टाकता म्हणाल्या,
‘मले पितराईचं भेव नाई.
त्याहीचाच महिना हाय ना तो? मंग लावा.
तेवढा दुधाच्या हिशेबाले चौकोन मोठा ठेवजा.’

धुवू दिली नाही. हार नको म्हणाल्या.
डाव्या बाजूचं दार उघडून
पदर सावरत आत बसल्या,
नेहमीच्याच जागी, असं वाटलं.
उजवीकडे स्टिअरिंगवर एक तांबडी कोंबडी.
मी ‘इकडे बघा’ म्हटलं.
कोंबडीनं बघितलं.

छापखान्यात चौकोनावरून पुन्हा भांडण.
चौकोन वाढवला की गाडीचं चाक कापतं,
चाक ठेवलं तर खालची जाहिरात जाते,
आणि पैसे तर जाहिरातीचेच.
फवारणी पंप, स्पेअर पार्ट, दाताचा दवाखाना.
शेवटी मी आभाळ कापलं.
बाराही पानांवरचं.
लाल जीप छापताना संत्र्याच्या रंगाची झाली,
मालक म्हणाले, चालते, आपल्याकडची वाटते.

तीनशे प्रती. काही अजून माझ्या दुकानात आहेत.

फेब्रुवारीत कौसाबाईंकडे गेलो,
कोंबडीच्या फोटोची मोठी प्रत द्यायला.
गोठ्याच्या खांबाला कॅलेंडर होतं,
उघडलेलं सप्टेंबर.
‘काकू, पान उलटलं नाही?’
‘कायले उलटू?’

जानेवारीचं दूध सप्टेंबरात लिहिलेलं,
सकाळचं निळ्या पेनानं, संध्याकाळचं काळ्या.
तीस चौकोन भरलेले.
एकतिसाव्याला जागाच नव्हती,
तर त्यांनी मडगार्डच्या बाजूला
वाकडातिकडा एक चौकोन स्वतः काढला होता,
आणि आत लिहिलं होतं:
दोन लिटर.