किटली

पहाटे साडेपाचला पहिला भोंगा होतो.
मी त्याच्या आधी उठलेला असतो.
रात्रीचा निखारा फुंकून,
कोळसा मोजून (सात तुकडे, आठवा फक्त रविवारी)
किटली चढवतो.

एल्स्पेथ दाराशी उभ्याउभ्याच चहा पिते,
शाल आवळते, कप न बघता माझ्या हातात देते.
मग जिन्यावरून बायकांचे पाय उतरत जातात,
चार मजल्यांचे, अख्ख्या गल्लीचे,
आणि मागे उरतो आम्ही.
बाप्ये.

डंडीत आम्हाला एक नाव आहे: किटलीवाले.
शेंबडी पोरंसुद्धा म्हणतात, तोंडावर.
गिरणीला बाई स्वस्त पडते, पोर त्याहून स्वस्त.
मुकादमाने हे गणित मला
अठराव्या वाढदिवशी समजावलं, पाठीवर थाप मारून:
"आता बाप्या झालास, वॉल्टर.
आता तुला बाप्याचा पगार द्यावा लागेल."
आणि दार दाखवलं.

आजोबांचा माग घरातच होता, खिडकीपाशी.
ते म्हणे सोमवारी विणतच नसत.
सोमवारी गप्पा, टे नदीत गळ टाकून बसणं,
मंगळवारी डोकं दुखणं,
आणि शनिवारी मेणबत्त्या जाळून
आठवड्याचं कापड एका रात्रीत पुरं.
वेळ त्यांच्या घरात मांजरीसारखी राहायची.
यायची, जायची, उन्हात लोळायची.
आता ती टेकडीवरच्या धुराड्याखाली राहते
आणि भोंग्यातून ओरडते.

मागच्या मार्चात बंदरावर तीन दिवसांची हमाली मिळाली.
बंगालहून आलेला ताग, गाठीवर गाठ.
एक गाठ फुटली, तिच्यातून निघाला
हिरव्या काचेचा बारीक, वाकडा तुकडा.
बाटलीचा नव्हे. इतकी नाजूक बाटली कोण करील?
कसला ते कळलं नाही.
खिडकीत ठेवलाय. कधी ऊन आलं
तर भिंतीवर एक हिरवी रेघ हलते.

संध्याकाळी ती येते,
केसांत तागाचा भुसा, अंगाला देवमाशाच्या तेलाचा वास.
मागांच्या खडखडाटात आवाज चालत नाही.
बायका ओठांनी बोलतात, बोटांनी चेष्टा करतात.
कान कधीचेच गेलेत.
मी म्हणतो, बटाटे करपले,
तर ती माझ्या तोंडाकडे बघते
जणू मी नदीच्या पलीकडून हाका मारतोय.
शुक्रवारी पगार टेबलावर मोजते,
त्यातले सहा पेन्स माझ्याकडे सरकवते. तंबाखूला.
सरकवताना वर बघत नाही.
हे तिचं मोठेपण, की नुसता थकवा,
मी कधी विचारलं नाही.

धाकटीच्या डोक्यातल्या उवा मी काढतो.
चूल आणि मूल, दोन्ही येतं मला.
आधी शरम वाटायची.
आता फक्त शनिवारी वाटते, गुत्त्यावरून जाताना.

काल डूगल अठराचा झाला.
रात्री जेवताना एल्स्पेथ बोटांनी त्याला काही बोलली,
त्यानेही बोटांनीच उत्तर दिलं.
दोघं हसली. मग ती हसायची थांबली.
मला ती भाषा येत नाही.

आज तो दहालाच परत आला.
टोपी खुंटीला अडकवली, माझ्या टोपीवर.
शेगडीपाशी येऊन उभा राहिला,
हात कुठे ठेवावेत ते न कळून.
केवढे हात. माझ्याहून मोठे.

माझ्या बापाने त्या दिवशी मला काय सांगितलं होतं
ते आठवून पाहिलं.
काही सांगितलं नव्हतं.

मी किटलीचं झाकण काढलं,
आत वाकून दाखवलं:
एवढं पाणी. या डागापर्यंत.
जास्त घातलंस तर कोळसा फुकट जातो.