लाल पट्टीचा सूर

सप्टेंबर लागला की डेट्रॉइटमध्ये
नदीकाठचे रस्ते चार दिवस जॅझला देतात.
लुशस प्रुइट सकाळी सहालाच येतो,
दमट पियानोच्या पोटात डोकं खुपसतो.
तीस वर्षं मोटारींचे दरवाजे ठोकून
डावा कान कामातून गेलाय,
उजव्यावर भागवतो.

‘रात्रभर नदी पितं हे जनावर,
आणि सकाळी रुसतं.’

काल वरचा एक सूर बसेचना.
तार बदलायला वेळ नव्हता,
माणसं मंचावर चढायला लागलेली.
त्यानं त्या पट्टीवर लाल चिकटपट्टी लावली:
इथे बोट नको.

वाजवणारी पोरगी, डिलाया का कायसं नाव,
तिनं चष्मा पुसला, लाल तुकडा बघितला,
सोलून मनगटावर चिकटवला
आणि पहिलं बोट तिथेच ठेवलं.

गंजक्या बिजागरीसारखा सूर.
पुन्हा तोच. हिंडून-फिरून तोच,
जिन्यात एकच पायरी करकरते
आणि झोपायची खोली वर असते, तसा.
ड्रमवाला हसला,
ब्रश खाली ठेवून नुसता ऐकत राहिला.

लुशस तंबूमागे शिव्या घालत होता.
पलीकडे कॅनडाचे दिवे लागले.
मग तो गप्प झाला,
मान वळवली
आणि डावा कान पुढे केला.