निशाणी पाच

साखर पेठेतल्या मोकळ्या जागेच्या पत्र्यावर
मी मनाई हुकूम डकवला: "जैसे थे."
डिंक संपलेला.
समोरच्या कारखान्यातून वाटीभर खळ मागून आणली,
ताण्याला लावतात ती.

अंबय्या डावीकडे, चुलतभाऊ राजमोगली उजवीकडे.
दोघांनी सह्या केल्या एकाच पेनाने.
पेन माझं.

पुढच्या तारखेआधी गेलो
तर पत्र्यावर नुसता पांढरा चौकोन.
"शेळीनं खाल्ला," पोरगं म्हणालं.
कुणाची शेळी?
अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत:
आपली नाही.

ती आतच होती.
हद्दीच्या दगडावर पुढचे पाय रोवून
बाभळीचा शेंडा ओढत.

बेलिफच्या अहवालात लिहिलं:
जागा जैसे थे.
बाभूळ थोडी कमी.