वळकट्या

पहाटे तीनला मशीन शेतात उतरतं,
बोटभर मातीसकट गवत सोलत जातं,
आणि मागे बसलेला ब्रॅंट अर्धवट झोपेत
एकेक वळकटी पॅलेटवर रचतो.
सहाच्या सुमाराला मी कोलडेलच्या रस्त्यावर असतो,
पाठीवर कुणाकुणाची अंगणं घेऊन.

नियम एकच. तो मी सगळ्यांना दारातच सांगतो:
आजचं आज अंथरा.
गुंडाळलेलं गवत आतल्या आत तापतं.
दुपारी हात घालून बघा,
ताप भरलेल्या पोराच्या काखेत घातल्यासारखं वाटेल.
संध्याकाळी पिवळं. उद्या नुसता वास.
पैसे परत मिळत नाहीत, हेही तेव्हाच सांगतो.

फेमके डाइकस्ट्राने ऐंशी वळकट्या मागवल्या होत्या
आणि दारात ती एकटीच उभी,
पायात नवऱ्याचे रबरी बूट,
दोन मापं मोठे.
विचारलं, माणसं कुठंयत?
म्हणाली, मुलगा येणार होता.
म्हणाली, तो व्हँकूवरला असतो.
दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवली
आणि सांधा दाबलाच नाही.

माझी अजून दोन घरं राहिली होती.
फोन करून खोटं सांगितलं: टायर.

मागची जमीन तिनं आदल्या दिवशी दाताळ्यानं सपाट केलेली.
काळी, भुसभुशीत,
मुठीत धरली तर लाडू व्हावा आणि बोटानं ढकलला तर फुटावा
अशी माती. ट्रकभर पैसे मोजूनही मिळत नाही.
इथं काय होतं?
बटाटे, ती म्हणाली. योप्पेचे. एकतीस वर्षं.
मग म्हणाली, मला बटाटे आवडत नाहीत.

पहिली ओळ दोरी लावून, फरशीच्या कडेनं.
दुसरी अर्ध्या तुकड्यानं सुरू करायची, विटांसारखी,
सांध्यासमोर सांधा आला की पाणी तिथूनच पळतं.
ती पावाच्या सुरीनं कापत होती.
कडा ओढू नका, म्हटलं, नुसत्या खेटवा;
ओढलेलं गवत पुढे आखडतं, मग फट पडते.
घट्ट, पण ओढून नाही, ती पुटपुटली,
कुणाची तरी वेणी घालत असल्यासारखी.

वारा उठला. इथं तो उठतोच.
पाईपमधलं निम्मं पाणी शेजारच्या गाडीवर.
कुंपणापलीकडे वॉल्डेमार नावाचा गृहस्थ
कॉफीचा मग घेऊन सांगत होता
की आमचं सगळं उलट्या बाजूनं चाललंय.
तासाभरानं तोच मुकाट्यानं त्याचा रोलर ढकलत आला,
पोटात पाणी डुचमळणारा.

चार वाजता शेवटची वळकटी.
फेमकेनं तिच्या पोटात हात घातला.
तापलीय, म्हणाली.
आणि हात काढायला
लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लावला.

पंधरा दिवस पाय ठेवू नका, मी म्हणालो.
मग कोपरा धरून उचलून बघा.
उचलला गेला तर ते गवत अजून माझंच आहे.

तीन आठवड्यांनी तिचा फोन.
तुमच्या गवतात तण निघालंय.
मी चिडूनच गेलो. आमच्या गवतात तण नसतं.

सातव्या ओळीत, दोन तुकड्यांच्या मधोमध,
कडा खांद्यानं सारून
वर आलेली गडद, सुरकुतलेली पानं.
ती काय आहेत ते मला दिसत होतं.
तिलाही दिसत होतं. बूट तेच होते.

उपटू?
ती बोलली नाही. वॉल्डेमारचं कुत्रं भुंकलं.
मग विचारलं, किती दिवस लागतात?
कशाला?
तयार व्हायला.
म्हटलं, हे तुम्हीच मला सांगायला हवं.
मी कधी विचारलंच नाही त्याला, ती म्हणाली.

सप्टेंबर, मी म्हणालो. पानं पिवळी पडेपर्यंत.
मशीन त्याच्या बाजूनं फिरवा.

निघताना सवयीनं कोपऱ्यापाशी वाकलो,
चिमटीत धरून ओढून पाहिला.
आला नाही.